कृष्णाकाठच्या मंडळ्या आणि मूळ विश्वासाचे रक्षण

आज ज्याला सांगली जिल्हा म्हणतात तो 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि 1960 मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. प्रशासनाच्या नकाशावरील ही सीमारेषा तशी अलीकडची असली, तरी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात तिच्या आधीच एक निराळी सीमा या मुलखातून जात होती. साताऱ्यात 1849 पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि ते काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असावी आणि वरून लादलेल्या कोणत्याही लिखित मतपत्राने तिला बांधू नये असे मानणारे होते. दक्षिणेला कोल्हापूरकडून आलेले काम प्रेसबिटेरियन परंपरेचे होते, ज्यात पाळक आणि निवडलेले वडील यांच्या पायरीपायरीच्या सभा मंडळीचा कारभार पाहतात आणि दीक्षित होणाऱ्या प्रत्येक पाळकाला लिखित विश्वासपत्र मान्य करावे लागते. एकाच नदीच्या खोऱ्यात, एकच भाषा बोलणाऱ्या आणि बहुतेक त्याच जातीसमूहांतून आलेल्या लोकांना, मूळ शिकवण कशी सांभाळावी याविषयी अशी दोन भिन्न उत्तरे मिळाली. ती उत्तरे काळाच्या कसोटीवर कशी उतरली, हे तपासण्याजोगे आहे.

शिकवण सांभाळण्याचे हे कर्तव्य मिशनऱ्यांनी शोधून काढलेले नव्हते. नव्या करारातील यहूदाचे छोटे पत्र मुळात याच कारणासाठी लिहिले गेले की, आरंभीच्या पिढीच्या हाती सोपवलेल्या विश्वासासाठी वाचकांनी कसून उभे राहावे. आणि गलतीकरांना लिहिताना पौलाने वेगळे शुभवर्तमान सांगणाऱ्यांविषयी जितके कठोर शब्द वापरले तितके त्याने स्वतःचा छळ करणाऱ्यांविषयीही वापरले नाहीत. इ.स. 180 च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस याने, काही निवडक शिष्यांनाच गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे सांगणाऱ्या पंथांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. इ.स. 325 मध्ये निकिया येथे भरलेल्या परिषदेने, पुत्र हा निर्माण केलेला आहे म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही, हे अलेक्झांड्रियाच्या एरियसचे मत फेटाळले. अशा वादांतूनच ‘मतांगीकार’ तयार झाले, म्हणजे मंडळी काय मानते याची उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाची थोडक्यातील विधाने. मूळ विश्वास पुढे ‘पाखंड’ ठरलेल्या मतांपासून वेगळा ओळखता यावा, म्हणून ती रचली गेली.

या कर्तव्याची एक काळी बाजूही मराठी मुलखाला ठाऊक होती आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोव्यात 1560 मध्ये आलेले आणि 1812 पर्यंत टिकलेले धर्मन्यायासन शिकवणीच्या शुद्धतेसाठी तुरुंग आणि चिता वापरत होते. त्याच गोव्यात 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ज्याने तीच शिकवण मराठी ओवीत, ऐकणाऱ्याच्या कानाला आपली वाटेल अशी मांडली. राजदंडाने राखलेली शिकवण आणि शब्दाने राखलेली शिकवण यांतील फरक या दोन उदाहरणांइतका स्पष्ट क्वचितच दिसेल. साताऱ्या-सांगलीच्या मंडळ्यांच्या हाती राजदंड कधीच नव्हता, हे त्यांचे मोठे भाग्य मानले पाहिजे.

साताऱ्याचे नाव या इतिहासात पहिल्यांदा येते ते मिशनचे ठाणे उघडण्याच्या पंधरा वर्षे आधी, आणि तेही विरोधकाच्या बाजूने. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचा 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. त्यानंतर विल्सन यांनी 1832 मध्ये हिंदू धर्मावर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या विद्वानाने उत्तर दिले आणि 1834 मध्ये विल्सन यांनी जे दुसरे पुस्तक काढले त्याच्या शीर्षकातच ते साताऱ्याच्या नारायणरावांना दिलेले उत्तर असल्याचे नमूद केले. त्यात वेदान्ताचाही स्वतंत्र समाचार घेतलेला होता. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि महाराजांच्या आश्रयाने तेथे नव्या शिक्षणाला सुरुवात झाली होती, त्यामुळे मुंबईच्या छापील वादाला साताऱ्याहून उत्तर जावे यात नवल नव्हते. या प्रकाराला ख्रिस्ती परंपरेत मंडन म्हणतात, म्हणजे बाहेरून आलेल्या आक्षेपांना दिलेले उत्तर. मंडळीच्या आत उठणाऱ्या चुकीच्या शिकवणीचा परिहार ही त्याहून निराळी आणि अधिक अवघड गोष्ट आहे, कारण तेथे समोरचा माणूस तेच पवित्र शास्त्र हातात घेऊन, त्याच प्रभूचे नाव घेऊन बोलत असतो. विल्सन यांच्या पिढीचा बहुतेक सारा जोर पहिल्या कामावर गेला. परधर्मावर टीका करण्यात त्यांनी जी शक्ती खर्च केली तिचा काही भाग नवख्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्याच विश्वासाचा आराखडा समजावून देण्यात गेला असता, तर पुढच्या पिढ्यांचे पुष्कळ काम हलके झाले असते.

ती उणीव भरून काढली मराठी माणसांनीच. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे शंभरांवर लहानमोठी पुस्तके लिहिली आणि नव्या करारावर मराठीत टीका, म्हणजे ओळीओळीचे स्पष्टीकरण, सिद्ध केली. मुंबईत 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने सुशिक्षितांपुढे एक मोहक पर्याय ठेवला होता: ख्रिस्ताची नीती घ्यावी, त्याचे चरित्र आदर्श मानावे, पण त्याचे ईश्वरत्व आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच ईश्वर आहे ही शिकवण, बाजूला ठेवावी. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोऱ्हे झाले, त्यांनी हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. इंग्लंडमध्ये 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई त्रैक्याविषयी आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी साशंक झाल्या तेव्हा गोऱ्हे यांनी त्यांना धमकावले नाही किंवा टाळलेही नाही. त्यांनी विस्ताराने पत्र लिहून शास्त्रवचने आणि तर्क दोन्ही पुढे ठेवले. चुकीच्या वाटेवर जाऊ शकणाऱ्या माणसाशी कसे वागावे याचा यापेक्षा चांगला नमुना मराठी ख्रिस्ती इतिहासात सापडणे कठीण आहे.

साताऱ्याच्या काँग्रिगेशनल मंडळीला अंतर्गत वादाची पहिली मोठी झळ अहमदनगरमार्गे लागली. अमेरिकन मराठी मिशनचे पाळक घडवणारी धर्मशास्त्राची शाळा अहमदनगरला होती आणि साताऱ्यासारख्या दूरच्या ठाण्यांना शिकलेली माणसे तेथूनच मिळत असत. त्या शाळेचे प्रमुख रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईत जन्मलेले आणि अस्खलित मराठी बोलणारे होते. 1886 मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी अँडोव्हर येथील धर्मशास्त्र्यांच्या एका मताला जाहीर सहानुभूती दाखवली. ते मत असे की, ज्यांना जिवंतपणी ख्रिस्ताविषयी ऐकायलाच मिळाले नाही त्यांना मृत्यूनंतर तशी संधी मिळत असावी. ह्यूम यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डात यावर मोठे वादळ उठले. अशा मताचे लोक मिशनरी म्हणून पाठवावेत का, हा प्रश्न बोर्डाच्या वार्षिक सभेपर्यंत गेला, ह्यूम यांना परत पाठवायचे की नाही याचा निर्णय लांबला, आणि अखेर 1887 मध्ये त्यांना भारतात परतण्याची अनुमती मिळाली.

या प्रकरणाकडे केवळ अमेरिकेतील भांडण म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पितृपक्षात घरोघर श्राद्ध होणाऱ्या मुलखात जो माणूस बाप्तिस्मा घेतो, त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो आपल्या आजा-पणजाचा. त्यांचे काय झाले, हे विचारणाऱ्याला ‘ते कायमचे नाश पावले’ असे एका दमात सांगणाऱ्या उपदेशकाने शिकवण राखली असे म्हणता येत नाही. उलट, शास्त्राने जेथे उघड उत्तर दिलेले नाही तेथे मरणोत्तर संधीचा सिद्धान्त उभारून उत्तर दिल्याचा दावा करणे, हेही शिकवणीत भर घालणेच होते. बोर्डाने शिक्षकाकडे जाब मागितला यात त्याचे चुकले नाही, कारण पाळक घडवणाऱ्याचे मत पुढे शेकडो घरांत पोहोचते. पण ज्या मुद्द्यावर कोणताही प्राचीन मतांगीकार बोलत नाही त्या मुद्द्याला सेवेत राहण्याची कसोटी बनवणे हे त्या बोर्डाचे मर्यादेबाहेरचे पाऊल होते. शिकवणीचे रक्षण करणाऱ्याने काय सोडता येत नाही हे जितके ठामपणे सांगावे लागते, तितकेच काय आपण जाणत नाही हेही सांगावे लागते.

याच मिशनच्या आश्रयाने साताऱ्यात या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा मराठी प्रसंग घडला आणि त्याच्या केंद्रस्थानी होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणात करजगाव येथे 1861 मध्ये जन्मलेले टिळक 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या सेवेत आले, तेथील धर्मशास्त्राच्या शाळेत त्यांनी शिकवले आणि 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मंडळीची उपासना परक्या चालींत, परक्या पोशाखात आणि परक्या पैशावर चालते, हे त्यांचे जुने दुखणे होते. कृष्णाराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट आधीच मोकळी केली होती आणि टिळकांनी भजने, अभंग व ओव्या यांनी ती भरून काढली. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि साताऱ्याला मुक्काम हलवून ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचे एक बंधुमंडळ उभारण्यास सुरुवात केली. त्या दरबाराचे एक वैशिष्ट्य असे होते की, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामील होऊ शकत होते.

दरबाराविषयीचा वाद याच ठिकाणी उभा राहतो आणि तो नीट समजून घ्यायचा तर 1917 च्या साताऱ्यात बाप्तिस्म्याचा अर्थ काय होता हे ध्यानात घ्यावे लागते. वरच्या जातीच्या घरातील तरुणाने बाप्तिस्मा घेतला की घराचे दार बंद होई, पत्नी माहेरी जाई किंवा नेली जाई, पंगत आणि पाणवठा तुटे. टिळकांनी हे सारे स्वतः सोसले होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापेक्षाही अधिक सोसले होते. त्यामुळे मनाने ख्रिस्ताला मानणारे पण उघड पाऊल न टाकणारे लोक साताऱ्या-वाईच्या सुशिक्षितांत असणे स्वाभाविक होते, आणि त्यांना मंडळीच्या उंबरठ्यावर तिष्ठत ठेवण्याऐवजी एका अंगणात बोलावावे, ही टिळकांची कळकळ खरी होती. दुसरीकडे, ज्यांना दरबाराची काळजी वाटत होती त्यांना संकुचित म्हणून मोडीत काढता येत नाही. बाप्तिस्मा हा काही मिशनने आणलेला इंग्रजी कोट नव्हता. नव्या कराराप्रमाणे तो स्वतः ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना दिलेला आदेश आहे, आणि महारवाड्यातील ज्या गरीब माणसाने तो घेऊन बहिष्कार सोसला त्याच्या शेजारी, तो न घेता, घरची प्रतिष्ठा शाबूत ठेवून बसणारा प्रतिष्ठित मनुष्य आला, तर ‘ख्रिस्तात सारे एक’ या शिकवणीलाच तडा जाण्याचा धोका होता.

टिळकांच्या साहित्याची बारकाईने पाहणी केली तर निर्णय अवघड राहत नाही. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले, त्याच्या चरणी लोटांगण घातले. पण तो केवळ थोर संत होता, असे त्यांनी कोठेही सुचवले नाही. त्याचे देहधारण, म्हणजे ईश्वराने एकदाच आणि खराखुरा मानवी देह घेणे, त्याचा वधस्तंभ आणि त्याचे पुनरुत्थान हा त्यांच्या काव्याचा कणा आहे. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य, जे पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ते याच कण्यावर उभे आहे. प्रार्थना समाजाने ख्रिस्ताविषयी जे सोडले होते तेच टिळकांनी घट्ट धरले आणि जे परके होते ते सोडले. म्हणून त्यांच्या अभंगांना भ्रष्ट शिकवण समजणाऱ्यांनी शिकवण आणि तिचा पेहराव यांत गल्लत केली, असेच म्हणावे लागते. परंतु बाप्तिस्म्याच्या एका मुद्द्यावर टिळकांनीही मिशनची रीत आणि मंडळीचा संस्कार यांची उलट दिशेने गल्लत केली. मिशनची गोष्ट वाखाणण्याजोगी आहे: त्याने टिळकांवर बहिष्कार घातला नाही, त्यांना मंडळीबाहेर काढले नाही. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांची गीते मात्र मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात राहिली आणि प्रेसबिटेरियन सांगलीतही ती गायली जाऊ लागली.

दक्षिणेकडील काम वेगळ्या शिस्तीचे होते. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापूरला आले, पाठवणाऱ्या बोर्डाशी मतभेद होऊन काही वर्षे स्वतंत्रपणे राहिले आणि 1870 मध्ये ते काम अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. सांगलीचे ठाणे 1884 मध्ये आणि मिरजेचे 1892 मध्ये उघडले. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तयार झालेले वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र आणि 107 प्रश्नांची लघुप्रश्नोत्तरी हा या परंपरेचा पाया होता. प्रश्नोत्तरी म्हणजे शिक्षकाने विचारायचे आणि मुलाने पाठ उत्तर द्यायचे असे शिकवणीचे पुस्तक. पाढे आणि परवचा पाठ करणाऱ्या मराठी मुलाला ही पद्धत मुळीच परकी वाटण्यासारखी नव्हती, आणि अक्षरओळख नसलेल्या आईलाही ती ऐकून ऐकून पाठ होऊ शकत होती. खोट्या शिकवणीविरुद्धचे सर्वांत टिकाऊ काम अशाच न गाजलेल्या ठिकाणी होत असते.

सांगलीच्या मंडळीपुढील परीक्षाही बाहेरूनच आली. अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन महासभेने 1910 मध्ये पाच गोष्टी पाळकांसाठी आवश्यक ठरवल्या: शास्त्राची निर्दोषता, कुमारीपासून जन्म, ख्रिस्ताने आपल्या जागी भोगलेले प्रायश्चित्त, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याचे चमत्कार. 1924 मध्ये हजारावर पाळकांनी एका निवेदनावर सह्या करून अशी सक्ती नाकारली, आणि 1932 मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारत, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील पाहणीनंतर असा अहवाल दिला की मिशनांनी इतर धर्मांबरोबर सत्याच्या शोधात भागीदार व्हावे आणि दवाखाने व शाळा यांना थेट धर्मोपदेशापासून मोकळे करावे. प्रिन्स्टनमधून बाहेर पडलेले ग्रेशॅम मॅचेन यांनी बोर्ड अशा मतांना आश्रय देते असा आरोप करून 1933 मध्ये वेगळे मिशन बोर्ड स्थापन केले आणि 1936 मध्ये वेगळी मंडळीच उभी राहिली.

मिरजेला हा वाद केवळ पुस्तकी राहू शकत नव्हता. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये सांगलीला आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. तेथे जात-धर्म न पाहता शस्त्रक्रिया होत आणि त्याच छताखाली प्रार्थना व शुभवर्तमानाचे वाचनही होई. अहवाल म्हणत होता की या दोन गोष्टी विलग कराव्यात. त्याचे कडवे टीकाकार म्हणत होते की शिकवणीशिवायची सेवा ही निव्वळ समाजसेवा आहे. रुग्णाला उपचारासाठी उपदेश ऐकण्याची अट घालणे अन्यायाचे आहे, हे अहवालाचे म्हणणे मान्य करण्याजोगे होते. पण ज्या विश्वासामुळे एक माणूस कॅनडातून येऊन चार दशके मिरजेच्या उन्हात राबला, तो विश्वास रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवावा ही अपेक्षा त्या कामाचे मूळच न समजल्याची खूण होती. मॅचेन यांचे निदान पुष्कळ अंशी बरोबर होते. त्यांनी निवडलेली फुटीची वाट मात्र, जेथे ख्रिस्ती लोक गावागणिक मूठभर घरे इतकेच होते त्या मुलखाला परवडणारी नव्हती.

भारतीय मंडळ्यांनी स्वतःसाठी जे शोधले ते अधिक शहाणपणाचे होते. 1904 मध्ये अलाहाबादला प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे एकीकरण होऊन भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा तिने वेस्टमिन्स्टरच्या जुन्या पत्रांचा आदर राखून बारा कलमांचे स्वतःचे संक्षिप्त विश्वासपत्र स्वीकारले. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर भारत संयुक्त मंडळी झाली, आणि कृष्णाकाठच्या दोन परंपरा हळूहळू एका छत्राखाली आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याच्या घटनेत प्रेषितांचा मतांगीकार आणि निकियाचा मतांगीकार हे दोन्ही मूळ विश्वासाची साक्ष देणारे आणि त्याचे रक्षण करणारे म्हणून स्वीकारलेले आहेत. ज्या साताऱ्याने लिखित मतपत्राचे बंधन मानले नव्हते आणि ज्या सांगलीने त्याच्याखेरीज पाळक दीक्षित केला नव्हता, त्या दोन्हीकडील या ऐक्यात सामील झालेल्या मंडळ्या आज याच दोन मतांगीकारांनी बांधलेल्या आहेत.